घसारा

अकरावीला घसारा शिकवताना मी आताशा यंत्राचं उदाहरण घेत नाही. पुस्तकातलं यंत्र १ एप्रिलला विकत घेतलेलं असतं, ते बसवायला खर्च झालेला असतो, ते दहा वर्षं चालणार हे कारखानदाराला पहिल्याच दिवशी ठाऊक असतं, आणि वर्गातल्या एकानेही ते यंत्र कधी पाहिलेलं नसतं. त्यापेक्षा फोन बरा. ‘८०,००० रुपयांचा फोन, चार वर्षांनी मोडीची किंमत किती धरायची?’ असं विचारलं की मागच्या बाकावरची, एरवी रोजकीर्दीकडे ढुंकून न बघणारी मुलं भांडायला उठतात. ‘मॅडम, कुठला फोन ते सांगा. आयफोन असेल तर हिशोब वेगळा.’

मुलांचं बरोबर असतं. हिशोब खरोखरच वेगळा आहे. आणि दरवर्षी याच टप्प्यावर कोणीतरी विचारतंच, की मग ही कंपनी गरिबाला परवडेल असा फोन का काढत नाही? लगेच दुसरा म्हणतो, काढला तर त्याला कोण विचारेल? त्याची मजाच महाग असण्यात आहे. मग घसारा बाजूला राहतो आणि तास संपतो.

पहिल्यांदा एक सांगून टाकते. कंपनीने स्वस्त फोन काढलेच नाहीत, असं नाही. ती दर काही वर्षांनी काढते. फक्त ‘स्वस्त’ म्हणून आपल्याकडे जे आलं त्याच्या किमती एकाखाली एक लिहिल्या की गंमत दिसते. २०१३ चा आयफोन ५सी, ४१,९०० रुपये. २०१६ चा एसई, ३९,०००. २०२० चा दुसरा एसई, ४२,५००. २०२२ चा तिसरा, ४३,९००. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आलेला १६ई, ५९,९००. मी हा रकाना फळ्यावर लिहिते तेव्हा खाली बेरीज करायची हातांना सवय आहे, पण बेरीज करून उपयोग नाही. कराडच्या आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला यातला कुठलाही आकडा स्वस्त वाटणार नाही.

आयफोन भारतात पहिल्यांदा आला तो २००८ च्या ऑगस्टमध्ये, एअरटेल आणि व्होडाफोनकडून. ८ जीबीचा आयफोन ३जी, किंमत ३१,०००. त्याच महिन्यात अमेरिकेतला माणूस तो १९९ डॉलरला घेत होता. कारण तिथे दोन वर्षांचा करार करायचा आणि फोनची उरलेली किंमत मोबाइल कंपनी दरमहाच्या बिलातून वसूल करायची, अशी रीत होती. आपल्याकडे प्रीपेडचं कार्ड टाकणारा देश. इथे पूर्ण पैसे मोजायचे, म्हणजे त्या वेळच्या भावाने सातशे डॉलरच्या वर. बातम्यांमध्ये मात्र ‘दोनशे डॉलरचा फोन’ गाजला होता, त्यामुळे आपल्याला कोणीतरी फसवतंय ही भावना पहिल्या दिवसापासूनच होती. ती अजून गेलेली नाही.

मग ५सी. त्याची गोष्ट मला शिकवायला फार आवडते, कारण त्यात किंमत आणि मान यांचा झगडा स्पष्ट दिसतो. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये दोन फोन एकदम आले. ५एस धातूचा, बोटाचा ठसा ओळखणारा. ५सी प्लास्टिकचा, हिरव्या-पिवळ्या-गुलाबी रंगांत, आत आदल्या वर्षीच्या आयफोन ५ चाच मेंदू. चीन-भारतासाठी हा फोन असणार, असा त्याआधी वर्षभर गाजावाजा होता. प्रत्यक्षात आपल्याकडे ५सी ४१,९०० ला आणि ५एस ५३,५०० ला. फरक ११,६०० चा. आता विचार करा, जो माणूस फोनसाठी ४२ हजार काढू शकतो तो आणखी साडेअकरा हजार कुठून तरी उभे करतोच. आणि ज्याला ४२ हजार जमत नाहीत त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. शिवाय ५सी चा रंग लांबून ओरडून सांगायचा, की याच्या मालकाला वरचा परवडला नाही. पुढच्या जानेवारीत टिम कूक यांना गुंतवणूकदारांपुढे कबूल करावं लागलं, की दोन फोनांमधल्या मागणीचं प्रमाण कंपनीने धरलं होतं त्याहून वेगळं निघालं. साध्या मराठीत, लोकांनी महाग तोच घेतला.

यावरून वर्गात निष्कर्ष काढला जातो, की बघा, महागड्या कंपनीने स्वस्तात उतरू नये. नाव जातं. पुरावा म्हणून नॅनो येतेच. एक लाखाची गाडी म्हणून २००८ मध्ये तिचं केवढं कौतुक झालं, आणि ‘सर्वात स्वस्त’ हे बिरूद तिला कसं चिकटलं. ते बिरूद लावून विकणं चुकलं, असं पुढे रतन टाटाच म्हणाले होते. ब्लॅकबेरीही येते. २०१० च्या सुमारास व्होडाफोनची जाहिरात होती, सूटबूटवाले साहेब गाणं म्हणतायत आणि त्यांच्यात हळूहळू कॉलेजची पोरं घुसतायत. साहेबांचा फोन पोरांच्या हातात गेला आणि ब्लॅकबेरी संपली, असं लोक सांगतात. मला हे पटत नाही. ब्लॅकबेरी पोरांमुळे संपली नाही. बोटाने चालणाऱ्या पडद्याचे फोन आले आणि तिला ते वेळेत नीट करता आले नाहीत. उलट ती पोरं होती म्हणून आपल्याकडे आणखी दोन वर्षं तग धरला असेल.

नाव जाणं म्हणजे नक्की काय, हे मला पार्करच्या पेनावरून कळतं. आमच्या लहानपणी पार्कर म्हणजे निवृत्तीच्या समारंभात मिळणारी वस्तू. वडिलांना मिळालेलं पेन डबीतच होतं, वर्षातून एकदा दिवाळीला त्यात शाई भरायची आणि दोन सह्या करून धुऊन ठेवायचं. मग लक्झर कंपनी पार्कर इथेच बनवायला लागली, आणि काही वर्षांत पार्कर स्टेशनरीच्या दुकानात पुठ्ठ्यावर लटकलेलं दिसू लागलं. वडील हळहळले. ‘आता काय, कोणीही पार्कर वापरतो.’ पण यात नुकसान कोणाचं झालं? ज्यांच्याकडे आधीच होतं त्यांचं. आमच्या शाळेतल्या शिपायाच्या मुलीने दहावीचा पेपर पार्करने लिहिला, तिचं काही नुकसान झालं नाही. ब्रँडची किंमत घसरते असं ज्याला म्हणतात, त्यात पुष्कळदा डबीत पेन ठेवणाऱ्यांचीच हळहळ असते. कंपन्या तिला फार घाबरतात, कारण डबीत ठेवणारा माणूस जास्त पैसे देतो.

आणि ॲपलला स्वस्त वस्तू करता येतच नाही, हेही खरं नाही. पहिला आयपॉड २००१ मध्ये ३९९ डॉलरला होता. २००४ मध्ये मिनी आला २४९ ला, आणि २००५ च्या जानेवारीत शफल आला ९९ ला. त्याला पडदाच नव्हता. कुठलं गाणं लागेल ते आपल्याला ठाऊक नाही. पण तो चुइंगगमच्या पाकिटाएवढा होता, गळ्यात अडकवून पळायला जाता यायचं, आणि ज्याच्याकडे मोठा आयपॉड होता तोही शफल घ्यायचा. शफल गळ्यात घातल्याने कोणी गरीब दिसत नव्हतं. त्याच महिन्यात कंपनीने ४९९ डॉलरचा मॅक मिनीही काढला होता. तीन वर्षांनी, २००८ मध्ये, स्टीव्ह जॉब्ज गुंतवणूकदारांना सांगत होते, की पाचशे डॉलरमध्ये टाकाऊ नसलेला कॉम्प्युटर कसा बनवायचा ते आम्हाला ठाऊक नाही. असो. मोठ्या माणसांच्या रोजकीर्दी आपण तपासायच्या नसतात.

शफल आणि ५सी यांतला फरक मुलांना विचारला की एखादी चुणचुणीत मुलगी बरोबर सांगते. शफलमध्ये जे कमी केलं होतं त्याच्यामुळे वस्तू वेगळी झाली. ५सी मध्ये जे कमी केलं होतं त्याच्यामुळे फक्त खालची पायरी झाली. मी यात माझी एक कसोटी घालते, अकाउंट्सवालीची. स्वस्त मॉडेल काढताना कंपनीने त्यातून काय कापलं? दागिने कापले की वर्षं कापली?

वर्षं कापली म्हणजे काय, त्याचं उदाहरण इथेच, भारतात घडलेलं आहे. २०१४ च्या सुरुवातीला ८ जीबीचा आयफोन ४ पुन्हा आपल्या बाजारात आला, २२,९०० रुपयांना. जुना फोन परत केला तर आणखी सूट होती. खूप जाहिराती झाल्या, आणि माझ्या ओळखीत दोघांनी हौसेने घेतला. हा फोन मूळचा २०१० चा. नव्या डब्यात, सीलबंद, वॉरंटीसकट. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आयओएस ८ आली आणि ती आयफोन ४ वर चालत नव्हती. म्हणजे जानेवारीत नवा म्हणून घेतलेला फोन गणपती उठायच्या सुमारास म्हातारा झाला. तोही पुढे काही काळ चालला, नाही असं नाही. मग एकेक ॲप ‘तुमच्या फोनवर चालणार नाही’ म्हणू लागलं. हिशोबाच्या भाषेत, ज्या यंत्राचं आयुष्य चार वर्षं होतं त्यातली साडेतीन आधीच कोणीतरी वापरून झाली होती, आणि किंमत मात्र नव्याची लावली होती.

दागिने कापले म्हणजे काय, त्याचं उदाहरण २०१६ चा पहिला एसई. शरीर २०१३ च्या ५एस चं, चार इंची, त्यावेळीसुद्धा जुनाट दिसणारं. आत मात्र ६एस चा म्हणजे त्या घडीच्या सर्वात भारी फोनचा मेंदू. अमेरिकेत ३९९ डॉलर. आपल्याकडे तो ३९,००० ला आला तेव्हा लोक हसले, पण पुढच्याच वर्षी बंगळूरला त्याची जुळणी सुरू झाली आणि किंमतही उतरत गेली. त्या फोनला २०२१ ची आयओएस १५ मिळाली. भारी ६एस ला जितकी नवी आवृत्ती मिळाली तितकीच याला. घेणाऱ्याने कमी पैसे दिले, दिसायला जुनं घेतलं, पण वर्षं पूर्ण मिळाली. महागड्या कंपनीने स्वस्त फोन काढावा का, या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वात चांगलं उत्तर तो फोन आहे. कंपनीने तशी गोष्ट पुन्हा फार जोरात केली नाही, याचं कारण मला वाटतं तेच असावं.

आता माझ्या धाकट्या भावाचं दुकान. एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे, दहा बाय बाराचं, आणि गेली पाच-सहा वर्षं त्याचा निम्म्याहून जास्त धंदा जुन्या आयफोनवर चालतो. नव्या फोनात त्याला काही सुटत नाही. ऑनलाइनचा भाव त्यालाच घाऊक मिळत नाही. जुन्यात सुटतं. पुण्या-मुंबईच्या लोकांनी बदललेले फोन व्यापाऱ्यांमार्फत त्याच्याकडे येतात. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ‘बिल-बॉक्स आहे का?’, दुसरा ‘बॅटरी हेल्थ किती?’, तिसरा ‘कुठे उघडलाय का?’ तिन्हींची उत्तरं चांगली असली की चार वर्षांचा आयफोन १३ तो २४-२५ हजारांना विकतो. २०२१ मध्ये त्याची किंमत ७९,९०० होती. त्याच वर्षीचा तेवढ्याच किमतीचा दुसऱ्या कंपनीचा फोन आला तर तो हातात घेऊन वळवतो आणि म्हणतो, ‘ताई, याचे दहासुद्धा यायचे नाहीत.’

म्हणून मुलं म्हणतात ते खरं: आयफोनचा घसारा हळू होतो. आणि म्हणूनच मला वाटतं, कंपनीचा खरा स्वस्त फोन तिच्या यादीत नाहीच. तो माझ्या भावाच्या काचेच्या कपाटात आहे. तो कोणीतरी आधी वापरलेला आहे. पूर्ण किंमत देणारा पहिला मालक, अर्धी देणारा दुसरा आणि पाव देणारा तिसरा, अशी ही उतरंड आहे. ती टिकते कारण फोनला सहा-सात वर्षं नव्या आवृत्त्या मिळतात. २०१८ च्या एक्सआर ला २०२४ ची आयओएस १८ मिळाली होती.

ही उतरंड कंपनीला आवडते का? इथे मला २ जानेवारी २०१९ चं पत्र आठवतं. त्याच्या आदल्या वर्षी, जुन्या बॅटरीच्या फोनांचा वेग कंपनी गुपचूप कमी करते हे उघड झाल्यावर, माफी म्हणून बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ वरून २९ डॉलर केला होता. वर्ष संपलं, आणि टिम कूक यांनी गुंतवणूकदारांना लिहिलं, की या तिमाहीत उत्पन्न अंदाजापेक्षा कमी येणार. मुख्य कारण चीनमधली मंदी. पण पुढे इतर कारणांत एक हेही होतं, की काही ग्राहकांनी स्वस्तात बॅटरी बदलून घेतली. म्हणजे २९ डॉलरची एक बॅटरी टाकली की माणूस हजार डॉलरचा फोन घेत नाही, हे कंपनीच्या सर्वात मोठ्या अधिकाऱ्याने स्वतः लेखी दिलंय. आयफोन ११ पासून बाहेरचा पडदा बसवला की सेटिंगमध्ये ‘हा अस्सल आहे याची खात्री करता येत नाही’ असा संदेश येतो, तो या पत्राच्या शेजारी ठेवून वाचावा. अस्सल भाग दुसऱ्या फोनातून काढून बसवला तरी अडचण येत असे; २०२४ मध्ये त्यात कंपनीने थोडी मोकळीक दिली. गंमत म्हणजे आपल्या देशात जुने आयफोन दुरुस्त करून विकायची परवानगी कंपनीने स्वतःच मागितली होती, आणि ई-कचरा वाढेल म्हणून २०१६ मध्ये सरकारने नाही म्हटलं. ती मिळाली असती तर माझ्या भावाच्या दुकानाला कुलूप लागलं असतं, हेही इथे नोंदवून ठेवते. बहीण म्हणून मी सरकारच्या बाजूची आहे.

तर माझं म्हणणं एवढ्यावर थांबलं असतं: नवं स्वस्त मॉडेल कशाला हवं, जुन्यालाच जास्त जगू द्या, बॅटरी-पडदे वाजवी भावात द्या, काम झालं. हे मी अनेकांना सांगितलंय. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीलाही सांगितलं.

ती मुलगी माझीच विद्यार्थिनी. बारावी कॉमर्स करून एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर लागली, १४ हजार पगार. तिला आयफोन हवा होता. का हवा, हे मी विचारलं नाही. मी सोन्याच्या पाटल्या का घालते हे ती मला विचारत नाही. मी तिला भावाच्या दुकानातला १३ सुचवला. बॅटरी ८८ टक्के, एकही ओरखडा नाही, बिल-बॉक्ससकट. सगळा हिशोब कागदावर मांडून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘काकू, हिशोब बरोबर आहे. पण मला कुणाचं उतरलेलं नकोय.’

तिची आई चार घरी काम करते. आमच्या घरातून तिच्याकडे काय काय गेलं ते मला माहीत आहे: माझ्या मुलीचे फ्रॉक, दप्तर, वॉटरबॅग, मग पंजाबी ड्रेस. सगळं चांगलं होतं, धुऊन इस्त्री करून दिलेलं. शाळेत ती माझ्या मुलीच्या दोन वर्गं मागे होती. म्हणजे ते कपडे आधी कोणाचे होते हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

अकाउंट्सच्या पुस्तकात घसाऱ्याची कारणं दिलेली असतात. वापर, झीज, काळ, नवं तंत्रज्ञान. दुसऱ्याच्या हातातून आपल्या हातात येताना वस्तूतून जे जातं त्याला पुस्तकात शीर्षक नाही, आणि ते फक्त ज्याने आयुष्यभर दुसऱ्या हातानेच घेतलंय त्यालाच दिसतं. माझ्यासाठी जुना आयफोन ही शहाणी खरेदी आहे. कारण मी ठरवून जुना घेते. जिला दुसरा पर्यायच नव्हता तिला मी शहाणपण शिकवायला गेले, की ‘जुनंच घे’ हे वाक्य वेगळं ऐकू येतं. कंपनीने नवा स्वस्त फोन काढावा, या बाजूने आजवर मी जे जे वाचलं, बाजारातला हिस्सा, ग्राहकसंख्या, भारतासारखे देश वगैरे, त्यात या मुलीच्या वाक्याइतकं जड काही नव्हतं.

म्हणून नवा स्वस्त फोन हवा. पण केवढ्याला? इथे मात्र मी अकाउंट्सवालीच राहते. १५ हजारांचा साधा अँड्रॉइड फोन आमच्याकडे लोक तीन वर्षं रेटतात. वर्षाला ५,००० पडतात. सामान्य माणसाच्या खिशाला हा दर सवयीचा झालाय. १६ई ला सात वर्षं आयुष्य धरलं तर ५९,९०० भागिले ७, म्हणजे वर्षाला साडेआठ हजारांच्या वर. सात वर्षांनी तोच ५,००० चा दर यायचा असेल तर किंमत ३५ हजार हवी. मोडीची किंमत धरली तर फार तर चाळीस. माझ्या मते महागड्या कंपनीने आपल्या देशात ज्याला प्रामाणिकपणे स्वस्त म्हणावं असा आकडा हा आहे. पंधरा हजारांचा आयफोन मला नकोच. तो काढायचा तर वर्षंच कापावी लागतील, आणि ते आयफोन ४ च्या वेळी बघून झालंय.

१६ई वर राग काढावा असंही नाही. माझ्या कसोटीला तो बऱ्यापैकी उतरतो. मागे एकच कॅमेरा, चुंबकाने चिकटणारं चार्जिंग नाही, पडदा ६० हर्ट्झचाच. सगळे दागिने. मेंदू मात्र १६ चाच ए१८, ग्राफिक्सच्या पाच कोअरऐवजी चार, एवढाच फरक. म्हणजे वर्षं शाबूत ठेवली आहेत. फक्त किंमत ठरवताना पुन्हा ५सी चीच भीती दिसते, की फार खाली गेलो तर वरचा कोण घेईल. दरम्यान वर्षं देणं ही काही एकट्या ॲपलची मक्तेदारी उरलेली नाही. सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी ए१६ काढला, १९ हजारांच्या आतबाहेरचा, आणि सहा वर्षं नव्या आवृत्त्या देऊ असं सांगितलं. सहाव्या वर्षी तो कसा चालेल ते तेव्हा बघू, पण शब्द तरी दिलाय. जे वीस हजारांच्या फोनला देता येतं त्याच्यासाठी साठ हजार मागणं दिवसेंदिवस अवघड होत जाणार.

हा सगळा हिशोब मी मुलीला पुन्हा सांगितला नाही. तिने दिवाळीत १६ई घेतला, माझ्या भावाकडूनच. त्याने स्वतःचं जे काही सुटणार होतं ते सोडून ५४ हजारांत दिला. २,२५० चे चोवीस हप्ते. डबा तिने दुकानात उघडू दिला नाही. स्क्रीनगार्ड लावायलासुद्धा दुसऱ्या दिवशी आली. कव्हर घेताना मात्र दहा मिनिटं घालवली आणि मागे गोल खिडकी असलेलं, सफरचंद दिसेल असंच घेतलं. भाऊ म्हणाला, यापेक्षा जाड कव्हर घे, फोन पडला तर पडद्याला पंधरा-वीस हजार जातील. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

तिचा आधीचा अँड्रॉइड मावशींकडे आलाय. पोळ्या करताना त्या तो ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवतात आणि कीर्तन ऐकतात. आवाज जरा फाटतो. मी म्हटलं, मावशी, भावाकडे देऊन स्पीकर साफ करून आणू का? तर म्हणाल्या, ‘राहू द्या, ती म्हणालीय हप्ते संपले की मलाबी नवा घेणार.’ दोन हप्ते गेलेत. बावीस राहिलेत.